जपानचा बेत, बोदलकसाची वाट

माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांपासून जपानमध्ये नागोयाला नोकरीला आहे. शुक्रवारी रात्री त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि आमच्या कामठीच्या घरात सगळे मोबाईलभोवती गोळा होतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कॉलवर तो म्हणाला, "खाला, तुम्ही या ना. पण टोकियोला सगळेच जातात. मुलांना घेऊन यायचं तर लहान गावांत या." मग त्याने बेतच सांगितला. नागोयाहून 'हिदा' नावाच्या गाडीने नदीच्या खोऱ्यातून अडीच तासांत ताकायामा. तिथला सकाळचा बाजार, जुनी लाकडी घरं. तिथून बसने पन्नासेक मिनिटांत शिराकावा-गो, म्हणजे गवताने शाकारलेल्या उतरत्या छपरांच्या घरांचं खेडं. ते 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. नंतर कानाझावा. तिथे मोठी बाग आहे आणि मशीदसुद्धा आहे, हे त्याने दादींना मुद्दाम सांगितलं.

थोरली तेरा वर्षांची आहे. तिने त्याच रात्री कॅल्क्युलेटर काढला. पाच माणसांची विमानाची तिकिटंच जोडून झाली तेव्हा ती गप्प झाली आणि वही मिटली. धाकटा नऊ वर्षांचा. तो म्हणाला, "मग दादींना सोडून चौघांचं कर." दादींनी त्याच्या डोक्यात टपली मारली.

दादी म्हणजे माझ्या सासूबाई. घरात आता सगळेच त्यांना दादी म्हणतात, मीही. सत्तरी ओलांडलेली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कडेची जी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली टिकवण्यासाठी थेंब न चुकवता घालायचे. तेव्हापासून रात्री नऊला मोबाईलवर गजर होतो आणि दोघांपैकी एक मूल थेंबांची बाटली घेऊन धावतं. दादींना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. ताटातली भाजी दिसते, शेजारचा पेला दिसत नाही. त्यांनी याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही, पण त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. लग्नाचं आमंत्रण आलं तरी "तुम्ही जाऊन या" म्हणायच्या.

जपानचा विषय तिथेच संपला असता. पण 6 ऑगस्टला थोरलीच्या शाळेत हिरोशिमा दिन झाला, मुलांनी कागदाचे क्रौंच पक्षी घड्या घालून केले आणि ती घरी ढीगभर पक्षी घेऊन आली. पुढच्या कॉलवर तिने भावाला विचारलं, असे खरे पक्षी तिकडे दिसतात का? तो म्हणाला, दक्षिणेला इझुमी नावाचं गाव आहे, तिथे हिवाळ्यात दहा हजारांवर क्रौंच उतरतात, आणि त्यांची मोजणी तिथल्या शाळेतली मुलं करतात. पहाटे अंधारात थंडीत उभं राहून. हे ऐकून थोरलीचे डोळे चमकले. मी शिक्षिका असल्याने माझेही चमकले असावेत.

त्याच आठवड्यात मी तिला एक जुनं कात्रण दाखवलं. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडारा भागातच उरले आहेत. धानाच्या बांध्यांत, तलावांच्या काठी. गोंदियात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जून महिन्यात त्यांची मोजणी होते. 'सेवा' नावाची संस्था, शेतकरी आणि स्वयंसेवक पहाटेच रातथाऱ्याच्या जागी जाऊन बसतात. गेल्या काही वर्षांत गोंदिया जिल्ह्यातली संख्या पन्नासच्या आतच राहिली आहे. इझुमीत दहा हजार आणि आपल्याकडे पन्नासही नाहीत, यावर थोरली बराच वेळ विचार करत बसली. मग तिने मोठ्याने वाचलं: "सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत उंच पक्षी. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो. डोकं आणि मान लाल. नर-मादी मिळून मोठ्याने हाक देतात."

पलंगावरून दादी म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते इतकी वर्षं?"

आमच्या घरात दादींची एक गोष्ट आहे. त्यांनी ती मुलांच्या अब्बांना लहानपणी सांगितली, मग आमच्या दोन्ही मुलांना सांगितली. जंगलातला एक तलाव, समुद्रासारखा मोठा. संध्याकाळी दोन माणसं लाल टोप्या घालून पाण्यात उभी. जवळ गेलं तर ती माणसं नव्हतीच, पक्षी होते, आणि ते असे ओरडले की मुन्शीजींच्या हातातला कंदील पडला. आम्ही सगळे ही गोष्ट परीकथा समजत होतो. आपण लहान असताना ऐकलेल्या जिन्नांच्या गोष्टींसारखी. तो तलाव कुठला हे विचारावं असं इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं.

"बोदलकसा," दादी म्हणाल्या. "तिरोड्याहून पुढे."

दादींचे वडील तिरोड्याला तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. गोंदिया-भंडारा म्हणजे विड्यांचा मुलूख. एप्रिल संपत आला की तेंदूची नवी पानं खुडायला गावंच्या गावं जंगलात निघायची. 1969च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला, त्याआधीचे हे दिवस. मुन्शीजी महिनाभर फळीवर राहायचे आणि एका वर्षी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन गेले. सत्तर पानांचं एक पुडकं, हे गणित दादी तिथे शिकल्या. आमच्या मुलांना सत्तरचा पाढा त्यांनीच शिकवला. शाळेच्या पुस्तकात तो नसतो.

तर जपानचा बेत असा बोदलकसावर आला. पण भाच्याने जपानसाठी सांगितलेले नियम आम्ही तसेच ठेवले, आणि भगिनींनो, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन कुठेही जायचं असेल तर ते उपयोगी पडतील असं मला वाटतं. त्याचा पहिला नियम म्हणजे एका ठिकाणी किमान दोन रात्री. रोज सामान बांधायचं म्हटलं की मुलं चिडतात आणि आईची सहल होत नाही, हमाली होते. दुसरा, दिवसाला एकच मोठी गोष्ट, बाकी वेळ रिकामा. तिसरा मला सर्वांत आवडला. प्रवासाचा दिवस वाया गेला असं समजायचं नाही, तोही सहलीचाच दिवस. जपानमध्ये स्टेशनवर त्या त्या गावची खासियत असलेला जेवणाचा डबा मिळतो, त्याला एकिबेन म्हणतात, आणि लोक तो खाण्यासाठी वाट पाहतात. फक्त आपल्या लोकांना तिथे डब्यावरची यादी वाचावी लागते. डुकराचं मांस ओळखता येतं, पण मिरिन नावाची स्वयंपाकातली गोड दारू कशाकशात असते ते कळत नाही. भाचा सुरुवातीचे तीन महिने अंडी आणि भातावर राहिला.

आता नकाशा. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. दादी अजूनही भंडारा जिल्हाच म्हणतात. पाहण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते चारही दिशांना पसरलेलं आहे. पूर्वेला सालेकशाकडे हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा. दक्षिणेला नवेगावबांधचा जुना तलाव आणि त्याला वेढणाऱ्या टेकड्या. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचलेल्यांना त्या परिसराबद्दल सांगायला नको. त्याच बाजूला प्रतापगड, जिथे एकाच टेकडीवर महादेवाचं स्थान आणि दर्गा दोन्ही आहेत. मुलांची फूफी म्हणाली, जायचंच आहे तर तिकडे जा. पण दादींचे गुडघे आणि चढण यांचं जमणार नव्हतं. हाजरा पावसाळ्यानंतर लगेच जाण्याची जागा, डिसेंबरात पाण्याची धार बारीक होते. सगळं खोडून आम्ही दोन नावं ठेवली: बोदलकसा आणि त्याला लागून असलेलं नागझिऱ्याचं जंगल. परतीच्या वाटेवर गोंदियाजवळचा परसवाडा तलाव, सारसांसाठी. धाकट्याची तक्रार एकच होती, "सालेकसा, दरेकसा, बोदलकसा. सगळे 'कसा' विचारतात, 'का' कोणी विचारत नाही."

मुक्कामाची चौकशी मी केली. एका खाजगी ठिकाणी फोन लावला. रिकाम्या खोल्या आहेत, दर अमुक, जेवण तमुक, सगळं बोलणं झालं. शेवटी नाव विचारलं, मी सांगितलं. पलीकडे थोडी शांतता. मग "बघून कळवतो." कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला तर सगळं भरलं होतं. असेलही भरलेलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नागपूरचे लोक तिकडे गर्दी करतातच. मी मुलांना काही बोलले नाही. पण थोरली शेजारी बसून वहीत लिहीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अम्मी, पुढच्या फोनला नाव आधीच सांग. वेळ वाचतो."

वर्गात मी मुलांना बरंच काही समजावते. त्या वाक्यावर मला काहीच सुचलं नाही. पुढचा फोन मी तिने सांगितला तसाच केला. आधी नाव, मग गाव, मग सोबत एक वयस्कर बाई आहेत ज्यांना कमी दिसतं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "मासे चालतात ना? तलावाचे ताजे मिळतील. मटण-चिकनचं तुमचं वेगळं असतं, ते आमच्याकडे जमणार नाही. आणि आजींना पायऱ्या नकोत, खालची खोली देतो." मी फोन ठेवला आणि थोरलीकडे पाहिलं. तिने वहीत 'खोली – खालची' असं लिहून पुढे टिकमार्क केला. त्यावर आमच्यात पुढे काही बोलणं झालं नाही.

25 डिसेंबरला सकाळी कामठीहून मेमूने निघालो. सामानात दादींचे थेंब, दोन शाली जास्त, मुसल्ला, गव्हाच्या खारट पुऱ्या आणि पहिल्या रात्रीपुरते शामी कबाब. भंडारा रोड गेलं, तुमसर रोडला गाडी थांबली तेव्हा उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन एक बाई डब्यात चढली. काळ्या सालीचे, शिंगं असलेले, तलावात पिकणारे शिंगाडे. "हा आपला एकिबेन," थोरली म्हणाली. दादी दातांनी साल फोडून नातवाला एकेक शिंगाडा देत होत्या. पुढे गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. दादींनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि पुलाचा आवाज संपेपर्यंत तसाच ठेवला.

धाकट्याला दुसरीच चिंता होती. आपण आता मुसाफिर झालो का? म्हणजे चार रकातींच्या दोन होतात का? दादींनी हिशेब सांगितला. अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण 77 किलोमीटर, आणि तेही आपल्या गावाची हद्द सोडल्यापासून. कामठी ते तिरोडा ऐंशीच्या वर जातं. "मग झालो!" जोहर, असर आणि इशा निम्म्यावर आल्या म्हणून त्याला सुटी मिळाल्यासारखा आनंद झाला. फजर दोन आणि मगरिब तीन तशाच राहतात हे ऐकून थोडा उतरला.

तिरोड्याला उतरलो. दादींना त्यांचा मोहल्ला दाखवावा म्हणून गाडीवाल्याला थोडं आत घ्यायला सांगितलं. त्यांना काही ओळखू आलं नाही. कौलारू घरं गेली, सिमेंटची आली. गावाबाहेर वीज केंद्राची धुराडी उभी आहेत. "चला," त्या म्हणाल्या, "इथे काही नाही." तासाभराच्या आत आम्ही बोदलकशाला पोचलो.

बोदलकसा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, इंग्रजांच्या काळात, सिंचनासाठी बांधला. भंडारा-गोंदियाचे बरेचसे तलाव त्याहून फार जुने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि आज सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदलेले. या भागाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळे. बांधायची रीत मात्र तीच: टेकड्यांनी तीन बाजू दिल्या असतील तिथे माणसाने चौथ्या बाजूला मातीची पाळ घालायची. बोदलकशाला तसंच आहे. पाळीवर उभं राहिलं की समोर पाणी, पाण्यापलीकडे जंगलाच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांमागे नागझिरा. एका बाजूला पर्यटन महामंडळाचं निवास आहे. मुलांना खेळायला झोपाळे-घसरगुंड्या शोधत गेलात तर निराश व्हाल. इथे पाणी आहे आणि शांतता आहे, आणि माझ्या धाकट्याने पहिल्या अर्ध्या तासात तीनदा विचारलं की आता काय करायचं.

असरनंतर आम्ही दादींना पाळीवर नेलं. थोरलीने एक हात धरला, मी दुसरा. काचबिंदू झालेल्या माणसाला मोकळी जागा दाखवणं सोपं नसतं हे मला तिथे कळलं. आपण एका नजरेत सगळा तलाव घेतो. त्यांना तो एखाद्या नळीतून पाहावा तसा तुकड्यातुकड्याने पाहावा लागतो. त्या मान सावकाश फिरवत होत्या. पाणी, मग आणखी पाणी, मग टेकडी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुडूम कुठे आहे?"

मुलं हसली. शब्दच तसा आहे. पाणी सोडायचं जे दार असतं त्याला या भागात तुडूम म्हणतात, आणि तलाव भरून जादा पाणी वाहून जातं त्या वाटेला सलंग. एवढ्या वर्षांत हे शब्द मी दादींच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. कामठीत त्यांचा उपयोगच काय? पाळीवर एक मासे धरणारे काका जाळं आवरत बसले होते. ढिवर समाजाचे. त्यांनी बोट दाखवलं आणि दादींना विचारलं, "मावशी, तुम्ही इथल्या का?" दादी म्हणाल्या, "एक महिना होते." काकांनी मान डोलावली, जणू एक महिना पुरेसा असतो. पुढे दोघांचं बराच वेळ चाललं. पूर्वी तलावात कोणकोणते मासे होते, आता सोडलेले रोहू-कतलाच जास्त येतात, पाणवनस्पती कमी झाल्या की देशी मासे राहत नाहीत, वगैरे. काका म्हणाले, तिकडे अर्जुनी मोरगावकडे आमच्याच समाजाच्या बायकांनी तलावात उतरून जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या, तिथे देशी मासे परतले. त्यांच्या बोलण्यात जे मराठी होतं ते दादींना माझ्या मराठीपेक्षा जास्त कळत होतं. मी मराठी शिकवते हे इथे नमूद करते.

मगरिबची वेळ झाली. मोबाईलला रेंज नव्हती, पण किब्ल्यासाठी अॅप लागलं नाही, सूर्य समोरच बुडत होता. पाळीच्या कडेला मुसल्ला अंथरला. पाण्यावरून थंडी चढत होती. गोंदियाची थंडी आमच्या भागात प्रसिद्ध आहे, आणि मी दोन शाली जास्त घेतल्या त्याबद्दल नंतर कुणीच मला हसलं नाही. रात्री नऊला गजर झाला, थेंब पडले, मासे आधीच फस्त झाले होते.

दुसरा दिवस नागझिऱ्याचा. 1970 साली अभयारण्य झालेलं हे जंगल 2013 साली नवेगावसकट व्याघ्र प्रकल्प झालं. त्याविषयी थोडक्यात सांगते, कारण माहिती सगळीकडे मिळते. आठवड्यातला एक दिवस जंगल बंद असतं आणि पावसाळ्यात मुख्य भाग बंद असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. ओळखपत्र सगळ्यांचं लागतं, मुलांचंही. पहाटेची उघडी जिप्सी डिसेंबरात फार गार असते, अगदी लहान मुलांना घेऊन जाऊ नका. वाघासाठी जाऊ नका. आम्हाला दिसला नाही. गवे दिसले, चितळांचे कळप दिसले, ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. मोहाच्या खोडावर अस्वलाने नखांनी ओढलेल्या रेषा गाईडने दाखवल्या. 'जय' वाघ याच जंगलात जन्मला, उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि 2016 साली तिथून बेपत्ता झाला, ही कहाणी धाकट्याने गाईडला सांगितली. गाईडने ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकून घेतली. जवळच्या गावातला मुलगा, विशीचा. थोरलीने त्याला विचारलं, तेंदूचं पुडकं अजून सत्तर पानांचंच असतं का? तो मागे वळून पाहायला लागला. "तुला कसं माहीत? सत्तरच. माझी आई करते." मग पुढचा अर्धा तास त्याने वाघाचं नाव काढलं नाही. तेंदू कुठला, ऐन कुठला, बिजा कुठला, मोहाची फुलं पहाटे का वेचतात हेच चाललं. माझ्या मते त्या फेरीतला तोच सर्वांत चांगला भाग होता, पण धाकटा सहमत नाही.

दादी जंगलात आल्या नाहीत. मुलांचे अब्बा त्यांच्याजवळ थांबले. वयस्कर माणूस सोबत असेल तर एकाने थांबण्याचा दिवस बेतातच धरावा, म्हणजे नंतर कुणी कुणावर उपकार केले असं होत नाही. आम्ही दुपारी परतलो तर दोघं पाळीवरच बसले होते, ऊन अंगावर घेत. काय केलंत दिवसभर, विचारलं. ते म्हणाले, "अम्मांनी मला तो कंदील कुठे पडला होता ती जागा दाखवली." दादी म्हणाल्या, "नक्की तीच असेल असं नाही." मुलांचे अब्बा बोलके नाहीत. रात्री ते मला म्हणाले की आईजवळ असं सलग चार तास बसल्याला किती वर्षं झाली ते मोजत होतो.

बोदलकशाला सारस दिसले नाहीत. वारकरी, पाणकावळे, खंड्या, दूर पाण्यावर चक्रवाकांची रांग, सगळं होतं. मासेवाले काका म्हणाले, सारस आता इकडे नाही, धानाच्या बांध्यांकडे बघा. वैनगंगा आणि बाघ नदीच्या बाजूला.

म्हणून तिसऱ्या दिवशी फजर पढून अंधारातच निघालो. परसवाडा तलावाशी पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की पाण्याचा काठ दिसत नव्हता. धान कापून झालेल्या बांध्या ओल्या होत्या. थोरली वही-पेन घेऊन तयार, बोटं गारठलेली. इझुमीची मुलंही अशीच उभी राहत असतील, असं ती दोनदा म्हणाली. एक तास गेला. धुक्यात ती आणि मी डोळे फाडून पाहत होतो आणि आम्हाला पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. धाकटा गाडीत जाऊन बसला.

दादींनी माझं मनगट धरलं. "तिकडे," त्या म्हणाल्या, आणि तोंड डावीकडे वळवलं. मी काहीच ऐकलं नव्हतं. मग आलं. एक लांब, कर्ण्यासारखी हाक, आणि तिच्यात गुंतलेली दुसरी. अंगावर काटा यावा असा आवाज. मुन्शीजींच्या हातातून कंदील पडला यात काही नवल नाही. धाकटा गाडीतून पळत आला. दहा-पंधरा मिनिटांनी धुकं जरा वर उचललं तेव्हा तलावापलीकडच्या बांधीत दोन राखाडी आकृती दिसल्या, लाल माना. सावकाश पावलं टाकत चरत होत्या.

शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण थोरलीने दादींच्या डोळ्यांना लावली. दुर्बिणीत तसंही मधलंच दिसतं, कडेचं कुणालाच दिसत नाही. थोरली मागून त्यांची मान हळूहळू वळवत होती. थोडं उजवीकडे, अजून, खाली, थांब. दादी थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"दिसले का, दादी?"

"दिसले." मग दुर्बीण खाली न घेता म्हणाल्या, "माझ्या वेळचे मोठे होते."

थोरलीने घड्याळ पाहून वहीत लिहिलं: परसवाडा, सकाळी 8.10, सारस 2. त्याखाली तिने पाहणाऱ्यांची नावं लिहिली. पहिलं नाव दादींचं, आणि कंसात 'आवाज आधी यांनी ऐकला'. गोंदिया स्टेशनवर दुपारच्या गाडीची वाट पाहताना दादींनी ती वही मागून घेतली आणि डोळ्यांजवळ धरून आपलं नाव वाचलं. मग धाकट्याला म्हणाल्या, जूनमध्ये मोजणी कोणत्या तारखेला असते ते तुझ्या भाईजानला विचार. धाकटा म्हणाला, भाईजान जपानला आहे, त्याला इथलं काय माहीत? "मग अम्मीला विचार," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून उरलेले शिंगाडे काढले.